करमत नाही
(सीमेवरच्या शाळांतल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना)

‘करमणे’ या क्रियापदाचा स्वभाव चमत्कारिक आहे. ‘मला करमत नाही’ असे आपण म्हणतो. ‘मी करमत नाही’ असे कोणी म्हणत नाही. न करमणे ही माणसाने केलेली गोष्ट नव्हे, ती त्याला होते. थंडी वाजते किंवा तहान लागते तशी. त्यामुळे त्यात कुणाची चूकही नसते. नव्याने सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला की मागे राहिलेल्या आईला करमत नाही. बाजारातून आणलेला बैल दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही, तेव्हा शेतकरीही म्हणतो, ‘राहू द्या, त्याला अजून करमत नाही.’ सात-आठ वर्षांच्या मुलाला जून महिन्यात वसतिगृहाच्या फाटकात सोडून बाप माघारी वळला की त्या मुलाचेही तेच होते. फरक एवढाच की बैलाला दोन दिवस मिळतात. मूल तिसऱ्या दिवशी जंगलवाटेने घराकडे निघाले, तर नोंदवहीत लिहिले जाते : ‘विनापरवानगी पळून गेला.’ न करमण्याला अखेर कर्ता सापडतो, आणि कर्त्याच्या पाठोपाठ दोषही.

हे पुस्तक त्या नोंदवहीच्या रकान्यात न मावणाऱ्या गोष्टींविषयी आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर आता पुष्कळ लिहिले जाते, पण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा शहरातली शाळा असते : क्लास, टक्के, मोबाइल, आईबापांच्या अपेक्षा. ते प्रश्न खोटे नाहीत. एनसीईआरटीने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच काळजीचे कारण सांगितले. मात्र परीक्षेची काळजी वाटायला मूल आधी वर्गात टिकावे लागते, आणि वर्गात टिकायला त्याला तिथे करमावे लागते. मी सुरुवात तिथून करतो.

माझ्या डोळ्यांपुढे बेज्जूर आहे. ते नकाशावर शोधायचे तर आधी प्राणहिता शोधावी. वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळाल्या की पुढे जी वाहते ती प्राणहिता. तिच्या पूर्वेच्या काठावर आपल्या गडचिरोलीतली अहेरी, पश्चिमेच्या काठावर तेलंगणातले बेज्जूर. २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बेज्जूर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून आदिलाबादच आहे. रेल्वे कागजनगरला, तिथून पुढे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सागाच्या आणि कापसाच्या मधून जाणारा रस्ता. नदीला पाणी कमी असले की सोयरीक दोन्ही काठांवर चालते. घरात गोंडी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी मराठी, आठवडी बाजारात तिन्हींची सरमिसळ. शाळेत तेलुगू, आणि २०२२ पासून सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांपासून इंग्रजी. म्हणजे मुलाला पोट दुखते ते एका भाषेत, ते सांगायचे दुसऱ्या भाषेत, आणि पोटाचा धडा वाचायचा तिसऱ्या भाषेत.

याच बेज्जूरच्या जंगलात प्राणहितेच्या काठी पालरापू नावाचा कडा आहे. २०१३ साली तिथे लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. गिधाडे देशातून नाहीशी होत चालली असताना ही मोठीच गोष्ट होती, म्हणून वनखात्याने कड्यावर नजर ठेवायला माणसे नेमली. घरटी किती, अंडी किती, पिले किती उडाली, याचा हिशेब ठेवला जाऊ लागला. हे चांगलेच झाले. फक्त त्याच रस्त्यावरच्या एखाद्या वसतिगृहात दिवाळीच्या सुट्टीनंतर किती पिले परतली नाहीत आणि का, याचा हिशेब इतक्या मायेने कोणी ठेवत असेल तर तो माझ्या पाहण्यात आलेला नाही.

दिवाळीची सुट्टी हा या भागात साधा विषय नाही. दिवाळीच्या आसपास गोंडांची दंडारी असते. गावेच्या गावे एकमेकांकडे नाचत जातात, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी अंगणात उतरतात. त्या दिवसांत घरी गेलेले मूल आठवडाभर गावाचे असते. मग अचानक पुन्हा लोखंडी कॉट, पत्र्याची पेटी आणि पहाटेची शिट्टी. मार्लावाईचे कनक राजू हे गुसाडीचे मोठे जाणकार. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली ते गेले. या माणसाने आश्रमशाळेत स्वयंपाक्याचे काम केले होते. मला हे वाचल्यापासून एक चित्र सुटत नाही : समोरच्या वर्गात मुले परक्या भाषेतली कविता घोकताहेत, आणि ज्याच्याकडे त्यांच्या घराची अख्खी लय आहे तो मागच्या बाजूला भात शिजवतो आहे. शाळेच्या पगारपत्रकात समुपदेशक नव्हता असे आपण म्हणू. खरे तर तो होता, चुलीशी.

मार्लावाईचे नाव निघाले आहे तर जरा तिथे थांबू, कारण या विषयातला सगळ्यांत मोलाचा धडा तिथे ऐंशी वर्षांपूर्वी गिरवला गेला आणि नंतर पुसला गेला.

१९४० साली जोडेघाटला बंड करून उठलेला गोंडांचा पुढारी कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जमीन आणि जंगल हातचे चालल्याचा तो संताप होता. त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक इतके का खवळले. ते पाहायला क्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आला आणि पत्नी बेट्टी हिच्यासह मार्लावाईत झोपडी बांधून राहिला. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षण योजना सुरू झाली. तिची पहिली पायरी मुलांसाठी नव्हतीच, शिक्षकांसाठी होती. बाहेरचा मास्तर या डोंगरात टिकत नाही, आणि टिकला तरी मुलांशी बोलू शकत नाही, हे त्यांना दिसले होते. म्हणून ज्यांना थोडेफार वाचता येत होते अशा गोंड तरुणांना आधी मार्लावाईत शिकवले, आणि मग त्यांना गावोगाव शिक्षक म्हणून पाठवले. मुलांसाठी गोंडी वाचनमाला तयार झाली, ती देवनागरीत; कारण या भागात लिहिण्यावाचण्याची ओळख होती ती मराठीमुळे. आपली बाळबोध लिपी गोंडांच्या पोरांच्या पहिल्या पाटीवर गोंडी शब्द लिहायला वापरली गेली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या काळी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत एक मराठी अधिकारी होता, सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केले, गोंडी शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले आणि या लोकांवर पुस्तक लिहिले. साहेबाला आपली भाषा येते हे कळल्यावर कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे खांदे कसे सैल पडत असतील, याची कल्पना करता येते. मानसोपचाराच्या पुस्तकांत याला वेगळी नावे आहेत. व्याकरण लिहिणाऱ्या माणसाने ते केले होते.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. भाषावार राज्ये झाली. राजुरा आणि किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले, उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. मराठी माणसांना मराठी राज्य हवे होते, तेलुगू माणसांना तेलुगू. दोघांचेही म्हणणे रास्त होते. गोंडांना मात्र कोणी विचारले नाही. गोंडी पाटी मागे पडली आणि शाळा तेलुगू झाली; रेषेच्या अलीकडे ती मराठी झाली. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा काढली, तर तीन वर्षांत तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात मात्र जुन्या गोंडी लिपीतली हस्तलिखिते सापडली, आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली. म्हणजे गोंडी आता संगणकाला समजते. वर्गाला समजायची आहे.

केरामेरी आणि जिवती यांच्या मधली चौदा गावे तर अजून दोन्ही राज्यांच्या दप्तरांत आहेत. तिथे मराठी शाळा आहे आणि तेलुगू शाळाही आहे, दोन्हीकडचे रेशन आहे, मतदानाची शाई दोनदा लागते. वर्तमानपत्रांना याची गंमत वाटते. पण एका घरातली थोरली मुलगी मराठी शाळेत आणि धाकटा मुलगा तेलुगू शाळेत जात असेल, तर संध्याकाळी ताई भावाला अभ्यासात मदत करू शकत नाही. भावंडांनी एकमेकांना आधार देण्याची जी सर्वांत जुनी व्यवस्था, तिच्यात राज्याची सीमा घुसते. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली. राज्याने आपली भाषा शिकवावी यात गैर काही नाही, महाराष्ट्रही तेच करतो. सक्तीबरोबर शिक्षक येतो की नाही, आणि आला तर मुलाच्या घरची भाषा त्याला थट्टेची वाटते की नाही, यावर मुलाचे पुढचे सगळे अवलंबून असते.

आता ‘रेझिलियन्स’ या शब्दाकडे येतो, जो हल्ली प्रत्येक परिपत्रकात असतो आणि ज्याचे मराठी प्रत्येक जण वेगळे करतो. कोणी लवचिकता म्हणतो, कोणी चिवटपणा, कोणी मनाची उभारी. मला शेतकऱ्याचा शब्द बरा वाटतो : तग. पावसाने ताण दिला तरी पीक तग धरते. पण शेतकरी पिकाला ‘तू तग धर’ असे भाषण देत नाही. तो कोळपणी करतो, तण काढतो, जमिनीत ओल राखतो. आपल्या शिक्षणखात्यांना हे उमगलेले दिसत नाही. छप्पर गळते ठेवायचे, जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मुलांना तग धरण्याचे प्रशिक्षण द्यायचे, असा तो उद्योग होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात वांकिडीच्या आश्रमशाळेतली नववीतली एक मुलगी, जेवणातून विषबाधा झाल्याच्या संशयाने आजारी पडून, हैदराबादच्या रुग्णालयात वारली. तिच्या खोलीतल्या मुलींना कुठला चिवटपणा शिकवायचा? त्यांना आधी स्वच्छ जेवण हवे, आणि मग ती मुलगी जिथे झोपायची त्या जागेकडे बघून रडायला मोकळीक हवी.

तरीही हा शब्द सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यामागे खरे संशोधन आहे. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाई बेटांतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पुढे कित्येक दशके पाठपुरावा केला. ज्यांच्या घरी गरिबी, आजार, दारू, भांडणे असे सगळेच होते, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, आत्मविश्वासाची, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात काय वेगळे होते ते शोधताना एक गोष्ट वारंवार आढळली : आईबाप नसतील तर आजी, शेजारीण, नाहीतर एखादी शिक्षिका, असे किमान एक मोठे माणूस त्या मुलाला धरून होते. एकच, पण टिकून राहिलेले.

टिकून राहिलेले, हा शब्द आश्रमशाळेपाशी आला की अवघड होतो. तिथे कंत्राटी शिक्षक असतात, त्यांना तेलंगणात सीआरटी म्हणतात. त्यांचे कंत्राट वर्षाचे, पगाराचा दिवस नक्की नाही. कायम नोकरीवाल्यांचे डोळे बदलीच्या यादीकडे. बेज्जूरला नेमणूक म्हणजे बहुतेकांना शिक्षा वाटते. बिऱ्हाड कागजनगरला किंवा मंचेरियालला ठेवून ते रोज ये-जा करतात. शेवटची बस सुटायच्या आत निघावे लागते, आणि मुलांना घराची आठवण येते ती नेमकी शेवटची बस गेल्यावर, दिवेलागणीला. यात शिक्षकाचा दोष काढणे सोपे आहे. त्याचीही पोरे कुठेतरी शिकत असतात, त्यालाही बेज्जूरमध्ये करमत नसते.

इथे मला साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० या वर्षांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले दैनिक काढणे, हे सगळे त्यांनी केले. मराठी शिक्षकाचा आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण हे सांगत आलो. मातृहृदयी गुरुजी. पण याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपवले, हे आपण हलक्या आवाजात सांगतो किंवा सांगतच नाही. त्यामागची कारणे शाळेतली नव्हती, काळ वेगळा होता, आणि कुणाच्याही मरणाचे एकच कारण नसते. तरी एवढे विचारायला हरकत नाही की दुसऱ्याचे अश्रू पुसणारा इतका मोठा माणूस स्वतःच्या अश्रूंसाठी कुठे गेला असता? आपण त्याला आई म्हटले, आणि आईला कोणी विचारत नाही की तू जेवलीस का.

२०२५ च्या मार्चमध्ये बीड जिल्ह्यात एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने आत्महत्या केली. अठरा वर्षे तो विनावेतन शिकवत होता, असे तेव्हा पुढे आले. चार दिवस बातम्या झाल्या. त्याच्या वर्गातल्या मुलांचे पुढे काय झाले, त्यांना कोणी जवळ बसवून काही सांगितले का, याची बातमी झाली नाही. मुलांच्या मनावर आणि शिक्षकाच्या मनावर दोन वेगळी प्रकरणे लिहिण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही, आणि या पुस्तकात ती पाळलेली नाही. वर्गात भिंती चार असतात, पण हवा एकच असते.

शिक्षकाच्या कामातला एक भाग कुठल्याच तासिकापत्रकात नसतो. रात्री घरी भांडण झाले असो वा पगार अडकला असो, साडेनऊला हसऱ्या चेहऱ्याने हजेरी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये याला भावनिक श्रम असे नाव दिले. त्यांचा अभ्यास विमानातल्या हवाई सुंदरींवर होता. हवाई सुंदरीला निदान विमान उतरल्यावर सुट्टी मिळते. निवासी शाळेतल्या शिक्षकाचे विमान दहा महिने उतरत नाही. त्यात मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब, मोबाइलवरची हजेरी आणि फोटो. आयुष्मान भारत योजनेखाली २०२० साली शाळांसाठी आरोग्य कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ ठरले आणि भावनिक स्वास्थ्य हा त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांपैकी एक झाला. कल्पना वाईट नाही. पण बेज्जूरसारख्या ठिकाणी ज्या शाळेत मुळात दोनच शिक्षक आहेत तिथे दोघेही दूत होतात, आणि निरोप कुणाला द्यायचा हा प्रश्न उरतो.

न्याय म्हणून सांगतो, गेल्या काही वर्षांत बरेच झाले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता मदतीची गरज असलेला माणूस मानले. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही हेल्पलाइन सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते, मराठीत आणि तेलुगूतही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितले. हे सगळे घडायला किती मुलांचे जीव गेले ते विसरू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, राज्यांत सर्वाधिक. तेलंगणात २०१९ च्या एप्रिलमध्ये इंटरमिजिएटचे निकाल लागले, त्यात चुका निघाल्या, आणि त्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. हेल्पलाइनचा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर रंगवावा, ठळक रंगवावा. मात्र फोन वॉर्डनच्या कपाटात कुलूपबंद असेल तर तो रंगच राहतो.

बेज्जूरच्या आजूबाजूला आणखी एक भीती आहे, जी पुण्या-मुंबईच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात, ऐन कापूस वेचणीत, शेजारच्या दहेगाव आणि पेंचिकलपेट मंडलांत वाघाने एकाच महिन्यात एक तरुण आणि एक तरुण मुलगी मारली. २०२४ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतून प्राणहिता ओलांडून एक हत्ती आला. त्याने दोन दिवसांत दोन शेतकरी मारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कागजनगरजवळ पुन्हा वाघाने कापसाच्या शेतात एका तरुण बाईचा जीव घेतला. या भागातली मुले सुट्टीत वेचणीला जातात. जी शाळेत असतात त्यांची आई रानात असते. अशा दिवसांत मूल वर्गात खिडकीबाहेर बघत बसले तर त्याचे लक्ष अभ्यासात नाही असे म्हणता येईल, पण त्याचे लक्ष जिथे असायला हवे तिथेच आहे. त्याला ‘घाबरू नकोस’ म्हणणे निरर्थक आहे. भिण्यासारखे काहीतरी खरोखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटानंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची एक साधी पुस्तिका काढली. तिचे सार तीन क्रियापदांत मावते : बघा, ऐका, जोडून द्या. उपदेश करा, हे त्यात नाही. वाघाच्या बातमीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना प्रत्येकाला ‘घरी सगळे ठीक?’ एवढे विचारणे, ज्याच्या घरचे रानात आहेत त्याला दुपारी एक फोन लावू देणे. हे प्रथमोपचारच आहेत, आणि त्यांना पदविका लागत नाही.

अशा लहान गोष्टींवर या पुस्तकाचा भर आहे. काही वाचकांना त्या फारच लहान वाटतील. एकाच गावच्या दोन मुलांच्या कॉटा शेजारी लावणे. पहिल्या महिन्यात धाकट्या भावाला ताईच्या वसतिगृहात दर रविवारी नेणे. स्वयंपाकघरात, पहारेकऱ्यांत, जिथे जमेल तिथे मुलांची भाषा बोलणारे निदान एक माणूस ठेवणे, आणि रडणाऱ्या मुलाला त्याच्याकडे पाठवणे हा शिक्षकाचा कमीपणा न मानणे. मूल जगणे नको झाल्यासारखे बोलले तर विषय बदलू नये. जिवाचे काही करावेसे वाटते का, हे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने मनात नसलेले विष भरते अशी समजूत आहे, ती खरी नाही. उलट कोणीतरी विचारले याने मुलाच्या छातीवरचा दगड हलतो. आणि मग त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरपर्यंत स्वतः बरोबर जावे.

शिक्षकांसाठी सांगितलेला उपाय तर आणखी साधा आहे : आठवड्यातून एकदा, परिपत्रके बाजूला ठेवून, चहाला बसणे, आणि त्या तासात मुख्याध्यापकांनी कामाचे एक अक्षर न काढणे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी १९९० पासून मनाच्या आरोग्याचे काम करताहेत. ते काम महाराष्ट्राला ठाऊक झाले त्यात उपचारांइतकाच वाटा मोकळ्या गप्पांचा आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर मुले शाळेत येत नाहीत म्हणून गुरे चरतात तिथे कुरणशाळा नेली; त्या दोघी एकमेकींना होत्या, हे त्यांच्या कामाच्या कौतुकात कोणी सांगत नाही. एकटी बाई तिथे किती वर्षे टिकली असती कोण जाणे. मला तरी वाटते की दोन शिक्षकी शाळेतले दोन शिक्षक एकमेकांशी बोलत असले तर निम्मे मानसिक आरोग्य तिथेच झाले. आणि ते बोलत नसतील तर कितीही दूत नेमा.

हे पुस्तक वाचताना क्रम पाळायची गरज नाही. ज्यांच्या शाळेत नुकतेच एखादे मूल किंवा सहकारी गेला असेल त्यांनी शोकावरचे प्रकरण आधी उघडावे. अधिकाऱ्यांनी बदल्यांवरचे वाचावे. ते छोटे आहे. नव्या शिक्षकांनी जून महिन्यावरचे वाचावे. त्यात एक प्रसंग येतो, तो सीमेवरच्या जवळजवळ प्रत्येक शाळेत घडतो. नव्या मास्तरांना येऊन आठवडा झालेला असतो. शाळा सुटलेली असते. तिसरी-चौथीतले एक पोर दाराच्या चौकटीला अंग घासत उभे राहते आणि बऱ्याच वेळाने विचारते, ‘सर, तुम्हाला इथे करमते का?’ बहुतेक जण हसून ‘हो तर!’ म्हणतात, आणि पोर निघून जाते. कोणी एखादा खरे सांगतो, की नाही रे, अजून नाही. मग ते पोर आत येते आणि त्याच्या शेजारी बसते.